चीनमधील ऐतिहासिक शहरे आणि स्मारके : मराठी प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजिंग, शिजियाझुआंग, लुओयांग, शिआन आणि नानजिंग या पाच शहरांच्या प्रवासाची तयारी करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. खरेदी, करमणूक उद्याने आणि शांघायच्या उंच इमारती यांसाठी माहिती इतरत्र भरपूर मिळते, त्यामुळे तिचा येथे समावेश केलेला नाही.

चीनमध्ये इतकी शहरे असताना हीच पाच का?

या पाच शहरांत चीनच्या इतिहासाचे दोन धागे स्पष्टपणे हाती लागतात आणि दोन्ही धाग्यांची टोके भारतात आहेत. पहिला धागा बौद्ध धर्माचा आहे, जो लुओयांग आणि शिआन येथे सापडतो. दुसरा १९३७ मध्ये सुरू झालेल्या जपानविरोधी युद्धाचा आहे. बीजिंगजवळच्या एका पुलावर हे युद्ध पेटले, नानजिंगमध्ये त्याने सर्वांत भीषण रूप घेतले आणि शिजियाझुआंगमध्ये सोलापूरच्या एका डॉक्टरची समाधी आज त्याची साक्ष देत उभी आहे. राजवाडे आणि तटबंद्या तर सर्वत्र आहेत. परंतु हे दोन धागे मनात धरून प्रवास केला, तर प्रत्येक ठिकाण मागच्या ठिकाणाशी जोडले जाते, आणि गाईडने सांगितलेल्या सनावळ्या हॉटेलवर पोहोचेपर्यंत विसरल्या जात नाहीत.

कोणत्या क्रमाने जावे आणि किती दिवस ठेवावेत?

बीजिंग, शिजियाझुआंग, लुओयांग, शिआन, नानजिंग आणि परतीसाठी शांघाय, हा क्रम रेल्वेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा आहे, कारण बीजिंगहून शिआनकडे जाणारा जलदगती रेल्वेमार्ग शिजियाझुआंग आणि लुओयांगवरूनच जातो. बीजिंग ते शिजियाझुआंग हा प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे, लुओयांग ते शिआनलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. शिआन ते नानजिंग हा मात्र पाच-सहा तासांचा लांब टप्पा आहे. बीजिंगला चार, शिजियाझुआंगला एक, लुओयांगला दोन, शिआनला तीन आणि नानजिंगला तीन असे तेरा दिवस हाताशी असावेत. सहलींच्या जाहिरातींत 'आठ दिवसांत सहा शहरे' असे कार्यक्रम दिसतात. अशा सहलीत बसच्या खिडकीतून दिसते तेवढेच चीन पदरी पडते. दिवस कमी असतील तर प्रत्येक शहराचा वेळ कापण्यापेक्षा एखादे शहर पूर्णपणे वगळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्हिसा आणि विमानप्रवासाची व्यवस्था कशी असते?

भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी 'एल' श्रेणीचा व्हिसा आधी काढावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना चीनमध्ये व्हिसाशिवाय २४० तास थांबण्याची जी सवलत मिळते, ती भारतीय पासपोर्टला लागू नाही. याबाबत अनेकांची फसगत होते. चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईत असल्यामुळे महाराष्ट्रातील अर्जदारांना दिल्ली गाठावी लागत नाही. २०२० मध्ये थांबलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तरीही हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाणे अनेकांना आजही सोयीचे पडते.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा ८ ऑक्टोबरनंतरचे तीन आठवडे हा काळ उत्तम आहे. एप्रिलमध्ये लुओयांग शहर पिओनीच्या फुलांनी भरून जाते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बीजिंगची हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. १ ते ७ ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्षाची सुट्टी हे तिन्ही काळ टाळावेत, कारण त्या दिवसांत सारा देश प्रवासाला निघालेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची सोय आपोआप लागते. ४ किंवा ५ एप्रिलला येणारा छिंगमिंग हा पूर्वजांच्या समाध्या झाडून स्वच्छ करण्याचा दिवस आहे. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण करून देणारा हा दिवस हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत घालवता आला, तर गर्दीचा त्रास सोसूनही जावे.

प्रवेशिका जागेवर मिळतात का?

बहुतेक मोठ्या ठिकाणी मिळत नाहीत, असे धरूनच चालावे. बीजिंगच्या राजवाड्याचे (फॉरबिडन सिटी) तिकीट सात दिवस आधी विक्रीला येते आणि हंगामात पाहता पाहता संपते. थ्येनआनमन चौकात नुसते पाऊल ठेवण्यासाठीसुद्धा आगाऊ नोंदणी लागते. प्रत्येक प्रवेशिका पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते आणि दारावर मूळ पासपोर्टच पाहिला जातो. मोबाइलमधील छायाचित्र किंवा झेरॉक्स चालत नाही. आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या पासपोर्ट क्रमांकातील एक आकडा तिकीट काढताना चुकला होता. दक्षिणेच्या भव्य दरवाजासमोर तासभर विनंत्या करूनही त्यांना आत सोडले नाही, आणि त्यांची सोबत म्हणून आम्हा दोघांनाही बाहेर थांबावे लागले. तेव्हापासून तिकीट काढल्यावर दुसऱ्या माणसाने पासपोर्ट हातात घेऊन प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा, हा आमचा नियम झाला आहे.

सोमवार हा बीजिंगचा राजवाडा, नानजिंगचे हत्याकांड स्मारक आणि तेथीलच चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांची समाधी या तिन्ही ठिकाणी सुट्टीचा दिवस असतो. प्रवासाचे दिवस सोमवारी टाकले, तर नुकसान होत नाही.

बीजिंगमध्ये राजवाड्याव्यतिरिक्त काय पाहावे?

राजवाडा तर पाहावाच. १४०६ ते १४२० या काळात बांधलेल्या या वास्तूतून मिंग आणि छिंग घराण्यांच्या २४ सम्राटांनी राज्य केले. दक्षिणेच्या वूमन दरवाजाने आत शिरून उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडण्याची एकदिशा वाट आहे. बाहेर पडल्यावर थकवा आलेला असतो, तरीही समोरची चिंगशान टेकडी चढावी. माथ्यावरून पिवळ्या कौलांची छपरे एका सरळ रेषेत दक्षिणेकडे जाताना दिसतात. हीच ती बीजिंग शहराची ७.८ किलोमीटरची मध्यरेषा, जिचा २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १६४४ मध्ये शेवटच्या मिंग सम्राटाने याच टेकडीवर गळफास घेतला. त्या जागी आज एक झाड आहे, परंतु ते मूळ झाड नसून नंतर लावलेले आहे.

आमच्या मते बीजिंगमधील अर्धा दिवस लुगोउ पुलासाठी राखून ठेवावा. शहराच्या नैर्ऋत्येला असलेला हा दगडी पूल बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. कठड्यावरील सिंहांची संख्या ५०१ मोजली जाते. प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे, आणि काहींच्या पंज्याखाली किंवा पाठीवर एखादे पिल्लू लपलेले सापडते. ७ जुलै १९३७ च्या रात्री या पुलाजवळ जपानी आणि चिनी सैन्यांत चकमक झाली आणि आठ वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. पुलाला लागूनच वानपिंगचा छोटा तटबंदीचा गाव आहे. त्याच्या भिंतीवर तोफगोळ्यांच्या खुणा आजही आहेत, आणि आत १९८७ मध्ये उघडलेले युद्ध संग्रहालय आहे. पुढे शिजियाझुआंग आणि नानजिंगला जे पाहायचे आहे, त्याची सुरुवात या पुलावर होते, म्हणून ही भेट चुकवू नये.

डॉ. कोटणीस यांची समाधी नेमकी कोठे आहे आणि तेथे कसे जायचे?

ही समाधी हपेइ प्रांताची राजधानी असलेल्या शिजियाझुआंग शहरात, चोंगशान पश्चिम रस्त्यावरील उत्तर चीन लष्करी विभागाच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवर 'लिएशी लिंगयुआन', म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी, याच नावाचे स्थानक आहे. चिनी भाषेत डॉक्टरांचे नाव 'ख तिहुआ' असे आहे. 'कोटणीस' म्हटल्यावर कोणालाही उमगत नाही, मात्र 'ख तिहुआ' म्हटल्याबरोबर वयस्क माणसांचे चेहरे उजळतात.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. चिनी सेनापती चू त यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केल्यावर, सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना झाले. त्यात डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे कोटणीसांचे सहकारी होते. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली, तरीही त्यांनी परत न फिरण्याचा निर्णय घेतला. पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये यानआन या चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले आणि कोटणीस पुढे आघाडीजवळच्या डोंगराळ मुलखात गेले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांना कुओ छिंगलान या परिचारिका प्रथम भेटल्या होत्या. पुढे दोघांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्यांनी 'यिनहुआ' ठेवले. या नावातले 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. पाचपैकी चार डॉक्टर पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले.

स्मशानभूमीत उंच सुरूच्या झाडांमधून रस्ते जातात. बेथून आणि कोटणीस यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. कोटणीसांच्या स्मरणार्थ असलेल्या दालनात शस्त्रक्रियेची उपकरणे आणि छायाचित्रे आहेत. सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते ते एका छोट्या वहीपाशी. भारतातून चीनला येताना वाटेत त्यांनी चिनी शब्दांचा जो संग्रह लिहून काढला, ती ही वही आहे. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता यावे, म्हणून एक तरुण डॉक्टर जहाजावर बसून एकेक शब्द उतरवून घेत होता, हे त्या पानांसमोर उभे राहिल्यावर जितके जाणवते, तितके कोणत्याही भाषणातून जाणवत नाही. माओ त्से-तुंग यांनी त्यांच्या निधनानंतर लिहिलेल्या शोकसंदेशाचा आशय असा होता की, सेनेचा एक आधार आणि राष्ट्राचा एक मित्र गेला.

या भेटीसाठी तीन तास पुरतात. बीजिंगहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, परंतु एक रात्र शिजियाझुआंगमध्येच काढून दुसऱ्या दिवशी लुओयांगकडे जाणे अधिक शांतपणाचे ठरते. परदेशी पर्यटक या शहराकडे फारसे वळत नाहीत. मराठी माणसाने मात्र ते वगळू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला लुओयांगच्या लेण्यांत नवीन काय दिसेल?

बरेच काही दिसेल, आणि तुलना करायची सवय असेल तर अधिकच दिसेल. लोंगमेनची लेणी यी नदीच्या दोन्ही तीरांवरील चुनखडीच्या कड्यांत कोरलेली आहेत. उत्तर वेई घराण्याने ४९३ मध्ये राजधानी लुओयांगला हलवली, तेव्हा कोरीवकामाला सुरुवात झाली. म्हणजे अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी नुकतीच घडून थांबली होती, त्याच सुमारास. आपला बेसाल्ट कठीण आणि काळा; तेथील चुनखडी बारीक कणांची आणि फिकट. त्यामुळे तळहाताएवढ्या कोनाड्यातही बुद्धाच्या वस्त्राची चुणी स्पष्ट उमटते. सुमारे २,३०० लहान-मोठ्या लेण्या आणि कोनाड्यांत एक लाखाच्या आसपास मूर्ती आहेत. फंगशिएन मंदिरातील वैरोचन बुद्धाची मूर्ती १७.१४ मीटर उंच असून तिचे काम ६७५ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सम्राज्ञी वू हिने स्वतःच्या प्रसाधनखर्चातून देणगी दिल्याचे शिलालेखात नोंदलेले आहे. दुपारनंतर पूर्व तीरावर जाऊन नदीपलीकडून ही मूर्ती पाहावी. तिचा चेहरा खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्यासाठी किंचित झुकवलेला आहे, हे तेथून कळते.

काही भिंतींवर मूर्तींऐवजी खरवडलेले खड्डे आहेत आणि अनेक मूर्तींना शिरे नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुराणवस्तूंच्या व्यापारासाठी त्या तोडून नेल्या गेल्या. पिनयांग मध्य लेण्यातील सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकांचे दोन मोठे शिल्पपट आज अमेरिकेत आहेत, एक न्यूयॉर्कला आणि दुसरा कॅन्सस सिटीला. गाईड या रिकाम्या भिंतींपुढून घाईने नेतात. तेथे त्यांना थांबवावे.

लुओयांगमधील श्वेताश्व विहार, म्हणजे पायमा स, परंपरेनुसार इसवी सन ६८ मध्ये स्थापन झाला. पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून कश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू येथे आले, असे मानले जाते, आणि विहाराच्या आवारात दोघांच्या समाध्या दाखवल्या जातात. याच परिसरात सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बांधलेले भारतीय शैलीचे मंदिर आहे. मे २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

शिआनमध्ये मातीच्या सैनिकांना किती वेळ द्यावा? आणि ह्युएन त्सांगचे काय?

सैनिकांसाठी एक पूर्ण सकाळ ठेवावी. मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना या मूर्तींचे अवशेष सापडले आणि १९७९ मध्ये संग्रहालय खुले झाले. पहिल्या दालनाच्या दाराशीच सगळी गर्दी अडकलेली असते. ती ओलांडून मागच्या टोकाला जावे. तेथे तुकड्यांतून सैनिक जोडण्याचे काम चालते आणि अर्धवट जुळलेले हात-पाय, पाठी आणि शिरे ओळीने मांडून ठेवलेली दिसतात. इसवी सनपूर्व २१० मध्ये मरण पावलेल्या छिन शिहुआंग या पहिल्या सम्राटाची मुख्य समाधी अजूनही उकरलेली नाही. दुरून ती एखाद्या साध्या टेकडीसारखी दिसते.

ह्युएन त्सांग आपल्या शालेय पुस्तकांतून ओळखीचा असतो, तरीही बहुतेक मराठी प्रवासी त्याच्या पॅगोड्यापुढे छायाचित्र काढून निघून जातात, याचे वाईट वाटते. हा भिक्षू भारतात आला, नालंदेत शिकला, महाराष्ट्रातूनही फिरला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. महाराष्ट्रातील लोक मानी असतात, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुलकेशीच्या राज्यावर हर्षाला विजय मिळवता आला नाही, हेही त्याने नोंदवले. दारावर दगडी हत्ती असलेल्या डोंगरातील ज्या विहाराचे तो वर्णन करतो, तो अजिंठा होय, असे अभ्यासक मानतात. आणलेले ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये मोठा हंस पॅगोडा उभारला गेला. आज दिसणारे सात मजली रूप नंतरच्या पुनर्बांधणीचे आहे. पॅगोड्याच्या पायथ्याशी, दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत दोन काळे शिलालेख आहेत. एक सम्राट ताइत्सुंग याच्या आणि दुसरा त्याच्या मुलाच्या मजकुराचा असून, अक्षर छू सुइल्यांग या सुलेखनकाराचे आहे. एक उजवीकडून डावीकडे आणि दुसरा डावीकडून उजवीकडे लिहिलेला असल्यामुळे दारातून पाहणाऱ्याला दोन्ही शिलालेख एकमेकांकडे तोंड करून बसल्यासारखे वाटतात. वर चढण्यापूर्वी त्यांच्यापुढे पाच मिनिटे थांबावे.

संध्याकाळी तटबंदीवर जावे. चौदाव्या शतकात बांधलेला हा तट जवळपास १४ किलोमीटरचा असून वरचा रस्ता इतका रुंद आहे की भाड्याच्या सायकलवरून पूर्ण फेरी मारता येते.

नानजिंगचे हत्याकांड स्मारक मुलांना दाखवावे का?

बारा वर्षांखालील मुलांना नेऊ नये, असे आम्ही सुचवतो. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी सैन्य तत्कालीन राजधानी नानजिंगमध्ये शिरले आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत नागरिकांची व निःशस्त्र सैनिकांची कत्तल आणि स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. चीनच्या अधिकृत नोंदीनुसार मृतांची संख्या ३,००,००० आहे आणि स्मारकावर तोच आकडा सर्वत्र कोरलेला आहे. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने २,००,००० हून अधिक असा आकडा नोंदवला होता. १९८५ मध्ये उघडलेले हे स्मारक जेथे प्रेते पुरली गेली त्या जागेवरच बांधलेले आहे आणि उत्खननात मिळालेल्या अस्थी त्याच जागी दिसतात.

एका अंधाऱ्या खोलीत दर १२ सेकंदांनी वरून पाण्याचा एक थेंब पडतो, त्याचा आवाज घुमतो, भिंतीवर एका माणसाचा चेहरा उजळतो आणि विझतो. सहा आठवड्यांत दर १२ सेकंदांना एक जीव गेला, असा त्यामागचा हिशेब आहे. तेथे कोणी बोलत नाही. १३ डिसेंबर हा २०१४ पासून चीनचा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे आणि त्या सकाळी शहरभर भोंगे वाजतात, वाहने जागच्या जागी थांबतात.

हे स्मारक पाहिल्यावर त्याच दिवशी दुसरे काही ठरवू नये. दुसऱ्या दिवशी जांभळ्या पर्वतावर सुन यत्-सेन यांची समाधी पाहावी. मार्च १९२५ मध्ये बीजिंगला निधन पावलेल्या या नेत्याचे पार्थिव १९२९ मध्ये येथे आणले गेले, आणि तेथे पोहोचण्यासाठी ३९२ पायऱ्या चढाव्या लागतात. शेजारीच मिंग घराण्याच्या संस्थापकाची समाधी आहे. त्याने बांधलेल्या शहराच्या तटाचा सुमारे २५ किलोमीटरचा भाग उभा आहे. या तटाच्या विटा जवळून पाहाव्यात. अनेक विटांच्या कडेवर ती कोणत्या जिल्ह्यातून आली, देखरेख कोणाची होती आणि भाजली कोणी, यांची नावे ठशाने उमटवलेली आहेत. वीट कच्ची निघाली तर जबाबदार कोण हे कळावे, हा सम्राटाचा हेतू होता. त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वीच्या वीटभट्टीवरील साध्या माणसांची नावे मात्र टिकून राहिली.

स्मारकांमध्ये वागण्याचे कोणते संकेत पाळावेत?

गडद किंवा साधे कपडे घालावेत, टोपी काढावी आणि समाधीपुढे उभे राहून तीन वेळा कमरेतून वाकावे. पांढरी आणि पिवळी शेवंती ही शोकाची फुले आहेत. हसत काढलेली सेल्फी नानजिंगला अत्यंत अनादराची मानली जाते. मंदिरांत चपला काढाव्या लागत नाहीत, याचे आपल्याला अवघडल्यासारखे होते. मात्र उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडून जावा.

पाहतो ते खरोखर जुने असते की नव्याने बांधलेले?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी जरूर विचारावा. चीनमध्ये लाकडी वास्तू जळत, कोसळत आणि पुन्हा उभ्या राहत, त्यामुळे जागेचे वय आणि इमारतीचे वय वेगवेगळे असते. बीजिंगच्या स्वर्गमंदिरातील प्रसिद्ध गोल सभागृह १८८९ मध्ये वीज पडून जळाले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. वूहानचा पीत सारस मनोरा १९८५ मध्ये काँक्रीटने बांधलेला आहे. बीजिंगची जुनी तटबंदी तर बहुतेक पाडलीच गेली. पुनर्बांधणी म्हणजे फसवणूक नव्हे, परंतु दोन्ही गोष्टींतील फरक माहीत असावा.

पैसे आणि इंटरनेट यांची सोय कशी करावी?

अलीपे किंवा वीचॅट या अ‍ॅपमध्ये भारतातून निघण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड जोडून घ्यावे. भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सर्वत्र क्यूआर कोड चालतो. यूपीआयची सवय असलेल्याला तो लगेच अंगवळणी पडतो. तरीही काही शे युआन रोख जवळ ठेवावेत. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तेथील वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्यास सहसा चालतात. देशांतर्गत विमानप्रवासात चीनचे '३ सी' प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि रेल्वे स्थानकांवर कात्री, चाकू व फवारे काढून घेतले जातात.

शाकाहारी माणसाचे कसे होते?

आधी तयारी केली तर चांगले होते. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे सांगून भागत नाही, कारण भाजीत मांसाचा रस्सा किंवा डुकराची चरबी असू शकते. मांस, मासे, अंडी आणि चरबी नको, असे चिनीत छापलेले कार्ड बाळगावे. बौद्ध विहारांजवळच्या शाकाहारी भोजनालयांत कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन प्रवाशांचीही तेथे सोय होते. शिआनचे 'ल्यांगफी', म्हणजे थंड शेवया, बहुधा शाकाहारी मिळते. उकळते पाणी स्थानकांवर, रेल्वेत आणि हॉटेलांत सर्वत्र फुकट असते, म्हणून स्टीलची बाटली, भाजणीचे थालीपीठ किंवा दशम्या आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी सोबत असली की लांबचा रेल्वेप्रवास सुखाचा होतो.

तेथील लोकांशी राजकारणावर बोलावे का?

स्वतःहून विषय काढू नये. स्मारकांत सांगितलेला इतिहास हा तेथील शासनाने मांडलेला इतिहास आहे, हे लक्षात ठेवून पाहावे. थ्येनआनमन चौकात जनतेच्या वीरांचे उंच स्मारक आहे, पण जून १९८९ मध्ये लोकशाहीच्या आंदोलनात मारल्या गेलेल्यांचे कोणतेही स्मारक तेथे नाही. त्याविषयी वाचून जावे, मात्र गाईडला चौकात विचारू नये, कारण उत्तर देण्याची जोखीम त्याची असते, आपली नव्हे.

कोटणीसांच्या समाधीवर वाहण्यासाठी महाराष्ट्रातून काही नेता येईल का?

ताजी फुले, फळे, रोपे आणि माती चीनच्या सीमाशुल्क नियमांनुसार नेता येत नाही. अनेकांना सोलापूरची माती नेण्याची इच्छा असते, पण ती विमानतळावरच काढून घेतली जाईल. शेवंतीची फुले शिजियाझुआंगमधील फुलांच्या दुकानातून घ्यावीत. सोबत कागदाची छोटी पट्टी ठेवून त्यावर दोन ओळी लिहाव्यात, आणि त्या मराठीतच लिहाव्यात. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. निघण्यापूर्वी तेथे जाऊन आल्यास, दोन हजार मैलांहून दूरच्या त्या दगडापुढे काय लिहायचे हे वेगळे सुचवावे लागत नाही.